अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट मागितल्याने नागरिकत्व अडते का?

प्रश्न : आम्ही २०२१ पासून ग्रीन कार्डावर न्यू जर्सीत राहतो. मी एका दुकानात नोकरीला असून २०२४ मध्ये माझा पगार ३६,५०० डॉलर झाला. पत्नी नोकरी करत नाही. मुलगा अकरा वर्षांचा आहे. वीस वर्षांची मुलगी दुसऱ्या राज्यात वसतिगृहात राहून पूर्णवेळ शिकते व थोडीफार कमावतेही. पुण्यातील मुदत ठेवींवर सव्वा लाख रुपये व्याज येते. अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट, म्हणजे कमी पगारावर काम करणाऱ्यांना मिळणारी करसवलत, ही सरकारी मदत ठरून पुढे नागरिकत्व अडेल, या भीतीने आम्ही ती कधी मागितली नाही. ही भीती खरी आहे का?

उत्तर : मुळीच नाही. या गैरसमजापायी कष्टकरी कुटुंबे हक्काच्या पैशाला मुकतात, याचे फार वाईट वाटते. १९७५ पासून चालत आलेली ही सवलत करकायद्याचाच भाग आहे आणि ती केवळ काम करून कमावणाऱ्यांसाठी आहे. नागरिकत्वाच्या वेळी आपली विवरणपत्रे खरी आणि पूर्ण आहेत ना, याला महत्त्व असते; कायद्याने देऊ केलेली सवलत घेतली म्हणून अर्ज अडत नाही. शिवाय देय कराहून सवलत जास्त झाली, तर उरलेली रक्कम परताव्याच्या रूपाने हाती येते.

आता व्याजाविषयी, कारण चूक बहुधा येथेच होते. भारतातील व्याज, मग ते तेथे करमुक्त असले तरी, अमेरिकेच्या विवरणपत्रात दाखवावेच लागते. २०२४ साठी गुंतवणुकीच्या उत्पन्नाची मर्यादा ११,६०० डॉलर होती; आपले व्याज साधारण १,५०० डॉलर भरते, म्हणजे पात्रतेला धक्का नाही. मात्र त्यामुळे एकूण उत्पन्न ३८,००० डॉलरपर्यंत जाते आणि सवलत त्या आकड्यावरून ठरते. एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या, दोन मुले असलेल्या दांपत्याला २०२४ साठी कमाल ६,९६० डॉलर मिळत. उत्पन्न २९,६४० डॉलरच्या पुढे गेले की ही रक्कम उतरत जाते आणि ६२,६८८ डॉलरला संपते. या हिशेबाने आपल्या वाट्याला सुमारे ५,२०० डॉलर येतात. न्यू जर्सी राज्य त्यावर केंद्रीय सवलतीच्या ४० टक्के स्वतंत्रपणे देते.

या दोन मुलांत मुलगीही निश्चित धरता येईल. पूर्णवेळ विद्यार्थ्यांना वयाची चोवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत मुभा आहे, शिक्षणासाठी वसतिगृहात काढलेला काळ घरी राहिल्यासारखाच मोजला जातो आणि तिची स्वतःची कमाई या सवलतीच्या आड येत नाही. कॉलेजचे प्रवेशाचे दाखले आणि घरचा पत्ता असलेली कागदपत्रे जपून ठेवावीत, कारण कर खात्याचे विचारणापत्र आले तर तीच दाखवावी लागतात. चौघांकडेही नोकरीसाठी वैध असे सोशल सिक्युरिटी क्रमांक विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत मिळालेले असणे अत्यावश्यक आहे. आयटिन क्रमांक (सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्यांना करासाठी मिळणारा क्रमांक) चालत नाही.

विवरणपत्र भरून झाले असले, तरी मूळ विवरणपत्रापासून तीन वर्षांच्या आत १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरून मागील वर्षांची सवलतही मागता येते, आणि आपण ती जरूर मागावी. कर खात्याच्या व्हीआयटीए या स्वयंसेवी मदत केंद्रांवर हे काम विनामूल्य होते. परताव्याच्या टक्केवारीवर शुल्क मागून विवरणपत्र तयार करून देणाऱ्याकडे मात्र जाऊ नये.