दिवाळीचा फराळ, जूनच्या वह्या : वाचकांचे प्रश्न

दसरा जवळ आला की या सदराकडे एकाच धाटणीची पत्रं येऊ लागतात. वस्तीतल्या, वसतिगृहातल्या, ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी काही करायचंय, कसं करावं? त्यातली निवडक पत्रं या अंकात घेतली आहेत.

आमची सोसायटी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी एका आश्रमशाळेत जाऊन साठ मुलांबरोबर दिवाळी साजरी करणार आहे. फराळ किती न्यावा?
– वाचक, कोथरूड

आधी तारीख बदला. दिवाळीची सुट्टी लागली की आश्रमशाळेतली मुलं पाड्यावर, आपापल्या घरी जातात. लक्ष्मीपूजनाला तिथे पहारेकरी भेटेल. सुट्टी लागण्याआधीचे दोन-तीन दिवस मुख्याध्यापकांना विचारून ठरवा. शाळा शासकीय असेल तर आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयालाही पत्र द्या, म्हणजे दारात अडवाअडवी होत नाही.

मुलं घरी निघालेली असतात, त्यामुळे पाकीट घरी जाऊनच फुटतं आणि त्यात धाकटी भावंडं वाटेकरी असतात. म्हणून चवीपुरता फराळ नको. एका पाकिटात ४ बेसन लाडू, २०० ग्रॅम चिवडा, १५० ग्रॅम शंकरपाळे आणि ५ चकल्या धरा. साठ मुलांसाठी सत्तर पाकिटं करा. स्वयंपाकीण मावशी, कामाठी आणि ऐनवेळी वाढलेली दोन-चार मुलं त्यात बसतात. म्हणजे चिवडा १४ किलो, शंकरपाळे साडेदहा किलो, लाडू २८० आणि चकल्या ३५०. मध्यम आकाराचे लाडू किलोला पंचवीसच्या आसपास बसतात, तेव्हा ते ११ किलोंच्या पुढे जातील. चकल्या मात्र किलोवर घेऊ नका, नगावर घ्या. किलोवर घेतल्या की तुटक्या चकल्या तुमच्याच वाट्याला येतात.

बिघडतं ते बहुतेक वेळा भरताना. चिवडा गरम असतानाच पिशवीत भरला तर आत वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी पोहे सादळतात. तो परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या. लाडू आणि चकली एका पिशवीत घालू नका. लाडवाचा भुगा होतो आणि चकली मऊ पडते. लाडवात तूप सैल झालं तर ऑक्टोबरच्या उन्हात, गाडीच्या डिकीत तो बसतो. ओलं खोबरं घातलेले रव्याचे लाडू चार-पाच दिवसांच्या वर भरवशाचे नाहीत, ते टाळा. खव्याची मिठाई तर नकोच. सणाच्या दिवसांत भेसळीचा सगळ्यात जास्त धोका खव्यात असतो आणि पाड्यावर फ्रीज नसतो. चिवड्यात शेंगदाणे असतील तर कुणाला त्यांचा त्रास आहे का, हे अधीक्षकांना आधी विचारा.

मुलांनी रांगेत उभं राहून पाकीट घ्यायचं, टाळ्या वाजवायच्या, हे आम्हाला खटकतं. त्यांच्याबरोबर करता येण्यासारखं काही सुचवा.
– महिला मंडळ, सांगली

खटकतं ते बरोबरच आहे. किल्ला करा. माती फुकट असते, आणि वस्तीतल्या मुलांचा हात मातीत तुमच्यापेक्षा जास्त चालतो. तिथे पाहुणे आपोआप हाताखालचे होतात, हे बरं.

पंधरा-वीस मुलांसाठी पाच फूट बाय चार फूट जागा पुरते. ३० ते ४० विटा किंवा दगड, तीन गोणपाटं, आठ-दहा घमेली माती, १०० ग्रॅम अळीव, थोडा गेरू आणि चुना लागतो. पागोळीखालची जागा नको, परतीचा एक पाऊस आला तर बुरूज वाहून जातात. विटा-दगडांचा उतरता ढीग रचा. गोणपाट पातळ चिखलात बुडवून, निथळवून त्यावर पांघरा आणि हातांनी दाबत खाचाखोचांत बसवा. कोरडंच गोणपाट टाकलं की वरची माती धरत नाही, सरकून खाली येते. निम्मे किल्ले इथेच फसतात. वरून चाळलेल्या मातीचा बोटाच्या पेराएवढा थर द्या, पायऱ्या आणि तटबंदी ओली असतानाच काढा.

अळीव भिजवून पेरायचा मोह होतो. भिजला की त्याला बुळबुळीत चीक सुटतो आणि दाणे गोळ्यागोळ्याने पडतात. मूठभर कोरड्या मातीत मिसळून कोरडाच भुरभुरा, मग हाताने पाणी शिंपडा. तांब्याने ओतलं तर सगळं बी पायथ्याशी गोळा होतं. खाली हिरवळ आणि माथा टकला. दोन-तीन दिवसांत कोंब येतात, सहाव्या दिवशी किल्ला हिरवा दिसतो, म्हणजे पेरणी पाहुणे यायच्या आठवडाभर आधी हवी. वस्तीत कोंबड्या-शेळ्या असतात, रात्री वर जुनी साडी टाका.

कुठला किल्ला करायचा ते मुलांना ठरवू द्या. राजगड करायचा म्हणाली तर पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या आणि मधला बालेकिल्ला एवढं सांगितलं की बाकी ती बघून घेतात. मावळे विकत आणा, ती हौस मुलांना असतेच.

यातच दुसरी गोष्ट. दिवाळी हाच सगळ्यांचा मोठा सण, असं धरून चालू नका. नंदुरबारच्या सातपुड्यात होळी मोठी; काठी गावच्या राजवाडी होळीला गावंच्या गावं लोटतात. डहाणू-जव्हारकडे वाघबारशीला आणि तारप्याच्या नाचाला मान आहे. मुस्लिम वस्तीत ईदेचे कपडे रमजान संपायच्या आठवडाभर आधी पोचले तर उपयोग. वर्षाला एकच सण करायचा असेल तर कुठला, हे शाळेतल्या बाईंना नाही, मुलांच्या आयांना विचारा.

बीड जिल्ह्यातल्या एका गावात दिवाळीत कपडे वाटायला गेलो, तर यादीतली निम्मी मुलं गावात नव्हती. आमची फसवणूक झाली का?
– वाचक, ठाणे

फसवणूक असेलच असं नाही. मुलं आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला गेली असणार. गाळप हंगाम ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यावर सुरू होतो, त्याआधी काही दिवस टोळ्या निघतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, त्यामुळे दिवाळीसाठी थांबणं त्यांच्या हातात नसतं. अशा गावांत दिवाळी दसऱ्याच्या आत करा. ते जमलं नाही तर डिसेंबरात उसाच्या फडावर जा, तेव्हा फराळापेक्षा स्वेटर आणि बंद चपला जास्त कामाला येतात. तोडलेल्या उसाची धारदार खोडं मुलांच्या तळव्यांत शिरतात.

कपड्यांपेक्षा मोठं काम मात्र शाळेचं आहे. ऑक्टोबर ते एप्रिल शाळा सुटली की मूल वर्गात मागे पडतं आणि मग यायचंच बंद होतं. त्यावर दोन मार्ग आहेत. मूल आजीकडे गावातच राहिलं, तर शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृह चालवता येतं. तिथे जेवणाची सोय होते. सरकारी पैसा बहुधा हंगाम सुरू झाल्यावर येतो, आणि पहिल्या तीन-चार आठवड्यांचा किराणा नसल्यामुळे आई-वडील मुलाला बरोबर नेतात. तुमची मदत नेमकी या आठवड्यांसाठी द्या. गहू, तांदूळ, डाळ, तेल, शेंगदाणे आणि सकाळचं दूध मुख्याध्यापकांच्या नोंदवहीत लिहून द्या.

मूल बरोबर गेलंच, तर मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड घेऊन ते आईच्या पिशवीत टाकायला लावा. त्यावर मुलाची इयत्ता आणि प्रगती लिहिलेली असते, फडाजवळच्या जिल्हा परिषद शाळेत ते दाखवून बसता येतं. दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. मोठ्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं आहेत. त्यांचे अर्ज भरून देणारा गावात कुणी आहे का, तेही बघा.

जूनमध्ये शंभर मुलांना दप्तर-वह्यांचा संच द्यायचा आहे. संचात काय असावं?
– रोटरी सदस्य, नाशिक

जे सरकार देतं ते वगळा. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणवेशही योजनेतूनच असतो. उशिरा येतो, पण येतो. तुम्ही वेगळा शिवून आणलात तर रंगाची छटा जुळत नाही आणि मूल वेगळं दिसतं.

वह्यांत सरसकट २०० पानी एकरेघी घेण्याची चूक सगळेच करतात. पहिली-दुसरीला दुरेघी, इंग्रजीला चाररेघी आणि गणिताला चौकटीची वही लागते; ८० ते १०० पानी पुरे, जाड वही लहान मुलाच्या दप्तराला जड होते. पाचवी ते सातवीला सात विषयांच्या मिळून १० ते १२ वह्या लागतात, कारण गणित आणि भाषेला वर्गपाठ-गृहपाठ वेगळा असतो. इयत्तावार यादी वर्गशिक्षकांकडून एप्रिलमध्येच घ्या आणि मे महिन्यात घाऊक खरेदी करा. पुण्यात अप्पा बळवंत चौकात, मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटला जूनच्या पहिल्या आठवड्यात भावही चढतो आणि हवा तो प्रकारही संपतो.

बुटांचं माप वयावरून घेऊ नका. कोऱ्या कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने आखणी काढायला सांगा, मागे नाव-इयत्ता लिहा आणि त्यात एक सेंटिमीटर वाढ धरा. दप्तराचा बंद आणि साखळी दोन्ही ओढून बघा, स्वस्त दप्तर ऑगस्टमध्ये तिथेच फाटतं. कोकणात आणि घाटमाथ्यावर रेनकोट वहीपेक्षा आधी.

एक सल्ला अगदी आग्रहाने. शंभर संचांऐवजी साठच करा आणि उरलेला पैसा नववी-दहावीकडे वळवा. आठवीनंतर मोफत पुस्तकं थांबतात आणि गळती तिथे सुरू होते. पुस्तकांचा संच, मार्गदर्शक (गाइड), दिवाळीच्या आगेमागे भरायचं दहावीचं परीक्षा शुल्क आणि जायचं-यायचं भाडं, या चार गोष्टींवर मुलं अडतात. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून पाचवी ते बारावी एसटीचा पास मोफत आहे. मुलग्यांना सवलतीचा पास मिळतो, पण त्याचे पैसे दरमहा भरावे लागतात. तो पास भरा. फोटोत तो दिसत नाही, म्हणून कुणी भरत नाही.

देणगी देताना संस्थेकडे काय काय तपासावं? आणि आम्ही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पैसे जमवतो, त्यालाही परवानगी लागते का?
– वाचक, कोल्हापूर

धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक, गेल्या वर्षीचा लेखापरीक्षित हिशेब आणि देणगीवरच्या करसवलतीची (८०जी) मान्यता मागा. मुलं तिथेच राहत असतील आणि ते बालगृह असेल, तर बाल न्याय कायद्याखालची नोंदणीही मागा. ती नसेल तर पैसे देऊ नका. करसवलत जुन्या करप्रणालीतच मिळते. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिलेल्या रकमेवर ती मिळत नाही, वह्या-धान्य अशा वस्तूंवरही नाही.

सोसायटीतल्या ओळखीच्या लोकांनी मिळून खर्च करणं वेगळं. नोंदणी नसताना लोकांकडून जाहीरपणे वर्गणी मागायची असेल, तर गणेश मंडळांना लागते तीच धर्मादाय कार्यालयाची कलम ४१क ची परवानगी तुम्हालाही लागते. त्यापेक्षा दात्यांनी थेट संस्थेच्या खात्यात पैसे भरावेत.

अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाला गावाकडच्या छोट्या संस्थेला पैसे पाठवायचे आहेत.
– वाचक, न्यू जर्सी

मंडळ म्हणून पाठवले की ती परदेशी देणगी ठरते, मग सभासदांचे पासपोर्ट कुठलेही असोत. त्या संस्थेकडे परदेशी देणगीची केंद्राची मान्यता आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत त्यासाठीचं खातं हवं. एखाद्या मोठ्या संस्थेकडे पाठवून तिने पुढे वाटावेत, हा मार्ग २०२० च्या दुरुस्तीने बंद झाला. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत व्यक्तिशः पाठवलेले पैसे मात्र परदेशी देणगी धरले जात नाहीत. सोबत पासपोर्टची प्रत द्या. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या ओसीआय कार्डधारकांना ही मोकळीक नाही.

कार्यक्रमाचे फोटो फेसबुकवर टाकले तर चालतील ना?
– वाचक, डोंबिवली

बालगृहातल्या मुलांचे अजिबात नाही. नाव, शाळा, चेहरा यांपैकी ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध केलं, तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. वस्तीतल्या मुलांच्या बाबतीत पालकांना विचारा, आणि ते हो म्हणाले तरी हातात पाकीट घेतलेल्या मुलाचा फोटो टाकू नका. किल्ल्याचा टाका.

एका मुलीच्या शिक्षणाचा खर्च आम्ही उचलला आहे. तिला दर महिन्याला फोन केला तर?
– निवृत्त शिक्षक, सातारा

थेट फोन नको, पत्ता नको, घरी बोलावणं नको. मुलीच्या सुरक्षेसाठी चांगल्या संस्था ते करू देत नाहीत, आणि करू देत असतील तर सावध व्हा. सहामाही आणि वार्षिक निकाल संस्थेमार्फत मागा, पत्र संस्थेच्या पत्त्यावर पाठवा. गुण कमी पडले तर रागावू नका. मासिक पाळीच्या दिवसांत शाळेत बंद दार असलेलं स्वच्छतागृह आहे का आणि घरी पाणी भरायची पाळी कुणाची असते, हे आधी विचारा. खर्च पुढे झेपणार नसेल तर फेब्रुवारीतच कळवा. जूनमध्ये कळवलंत तर नवा दाता मिळेपर्यंत तिचं पहिलं सत्र निघून जातं.