उत्तरेची खोली : बदामी की राखाडी?

प्रश्न : आमची बेडरूम १२ बाय १० फुटांची आहे. एकच खिडकी, तीही उत्तरेला आणि समोर दुसरी इमारत. खाली आयव्हरी टाइल्स. शेडकार्डवर फिकट बदामी आणि फिकट राखाडी दोन्ही आवडले. कोणता लावावा?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : बदामी लावा. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन फारसं येत नाही; येतो तो आकाशाचा निळसर उजेड. राखाडी रंग ती निळाई उचलतो. पावसाळ्यात ढग दाटले की अशी भिंत कच्च्या सिमेंटसारखी दिसते आणि तिच्याशेजारी आयव्हरी टाइल्स पिवळ्या पडल्यासारख्या वाटतात. बदामीत ही निळाई मुरून जाते. राखाडी वाईट नाही, पण त्याला पश्चिमेची खोली हवी.

मात्र सगळे बदामी सारखे नसतात. शेडकार्डाला कोरा पांढरा कागद लावून पाहा, झाक लगेच कळते. गुलाबी झाक असेल तर सोडा, आयव्हरीशी ती भांडते.

सॅम्पल थेट भिंतीवर लावू नका. भोवतीचा जुना रंग डोळ्याला फसवतो. २ बाय २ फुटांच्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या प्रायमरचा एक हात, मग रंगाचे दोन हात द्या, मध्ये चार तास जाऊ द्या. ओला रंग वेगळा दिसतो, म्हणून दुसऱ्या दिवशी पाहा. पुठ्ठा आधी खिडकीसमोरच्या भिंतीला टेकवा, मग खिडकीच्याच भिंतीला. ही भिंत खोलीत सर्वांत काळोखी असते, निर्णय तिच्यावर घ्या. रात्री दिवे लावूनही बघाच. ६५०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगछटेचं माप) पांढऱ्या ट्यूबखाली बदामी निस्तेज होतो, ३००० च्या दिव्यात पिवळा चढतो. ४००० चे दिवे इथे बरे. ते आधी बसवा, रंग नंतर ठरवा.

उंची साडेनऊ फूट धरली, तर दार-खिडकी वजा जाता भिंती साधारण ३६० चौरस फूट. चांगलं इमल्शन (पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग) दोन हातांना लिटरमागे सुमारे ६० चौरस फूट पुरतं, म्हणजे ६ लिटर. ४ लिटरचा एक आणि १ लिटरचे दोन डबे एकाच वेळी टिंट करून (दुकानात छटा मिसळून) घ्या आणि मोठ्या बादलीत एकत्र ढवळा. डब्याडब्यांत किंचित फरक असतो, तो भिंतीच्या मधोमध उमटतो. फिनिश मॅट घ्या, चकाकीत लांबीचे (पुट्टीचे) उंचवटे दिसतात. उरलेला रंग टचअपसाठी घट्ट झाकून ठेवा.