नातू झाला, पण मला कोण विचारतंय?

बेळगावात टिळकवाडीत मी समुपदेशनाला बसते तिथं आज्या बऱ्याच येतात, आणि घरात नवीन नातवंड आलं की त्यांची तक्रार साधारण एकच असते, सून बाळाला हात लावू देत नाही, मला परकी समजतात. गेल्या पावसाळ्यात शहापूरच्या एक आजी आल्या होत्या त्यांचं सांगते, त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं बदललंय.

आजी खुर्चीत बसल्याच नाहीत, आधी पिशवी टेबलावर रिकामी केली. जुन्या इरकल लुगड्याची हातानं शिवलेली दुपटी, अळिवाच्या लाडवांचा डबा, बाळंतशेप, एका पुडीत वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, आणि फडक्यात गुंडाळलेली सहाण. "ही माझ्या सासूची, हिच्यावर घुटी उगाळून अख्खं घर वाढलं, आणि ही काल परत घेऊन आलो मी. सून म्हणती नको. मी काय परकी हाय काय वो म्याडम?" (आमच्याकडं बायका पण 'आलो, गेलो'च म्हणतात, पुण्याकडच्या वाचकांनी दचकू नये.)

घरचं असं, मुलगा एकुलता, नोकरी पुण्यात, सून बैलहोंगलकडची कन्नड घरातली. सीमाभागात हे काही नवं नाही, भाषेची भांडणं सभेत होतात आणि सोयरिकी होतच राहतात. पहिलं बाळंतपण म्हणून सून माहेरी, मुलगा रविवारी येऊन जायचा, आणि आजी बेळगावात एकट्या. मग आजींना बस सापडली. जून २०२३ पासून कर्नाटकात सरकारी साध्या बसला बायकांना तिकीट नाही, आधार कार्ड दाखवायचं आणि बसायचं, त्यामुळं आजी दर दोन दिवसाआड सकाळी बैलहोंगल, तेही फोन न करता. त्यांचं म्हणणं, नातवाकडं जायला काय अपॉइंटमेंट घ्यायची?

इथं माझी चूक झाली ती पण सांगते. मी सरळ मधावर गेले, कारण आजी घुटी मधातून देणार होत्या. एक वर्षाच्या आत बाळाला मध चाटवायचा नाही, त्यात बॉट्युलिझम ह्या आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांना ते बाधत नाहीत पण तान्ह्याच्या आतड्यात वाढून विष तयार करतात, क्वचित होतं पण झालं तर जिवावर बेततं, आणि पहिले ६ महिने अंगावरचंच दूध, वरचं पाणी पण नाही. सगळं बरोबरच होतं, पण आजी गप्प झाल्या आणि सहाण परत फडक्यात गुंडाळायला लागल्या. "माझी पोरं काय मेली काय मग?" एवढंच म्हणाल्या. माहिती बरोबर असली म्हणून ती पहिल्या दहा मिनिटांत द्यायची नसते, हे मला इतकी वर्षं काम करून परत शिकावं लागलं.

मग मी विषयच सोडला आणि म्हटलं, काल बसमधनं उतरल्यापासून परत बसमध्ये बसेपर्यंत काय काय झालं ते सांगा, अगदी चहा कुणी दिला ते पण. त्यांनी सांगितलं. विहीणबाईंनी चहा दिला, बाळ झोपलेलं होतं, सून खोलीत. आणि मग जरा खुलून म्हणाल्या, मी शेजारणीकडनं एक कन्नड वाक्य शिकून घेतलंय, सुनेला बरं वाटावं म्हणून, प्रत्येक वेळी गेल्या गेल्या विचारतो. कोणतं? "हालु साकागतैतेनु?"

म्हणजे, दूध पुरतंय का.

आजींच्या परवानगीनं सुनेशी फोनवर बोलले तर ती ह्याच वाक्यावर रडली. म्हणाली, अत्ती (सासूबाई) दारात आल्या की पहिला प्रश्न तोच, मग आईचा तोच, शेजारच्या अज्जीचा तोच, आणि आता मला प्रत्येक वेळी बाळ रडलं की वाटतं माझं दूधच कमी आहे. आजी प्रेमानं एक वाक्य पाठ करून गेल्या आणि नेमकं तेच तिला परीक्षेसारखं वाटलं, कुणाला दोष देणार?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक बाळंतिणीला विचारतात म्हणून थोडं सविस्तर. दूध तयार होणं वेगळं आणि उतरणं वेगळं, टेन्शन, दुखणं, लोकांची नजर ह्यानं दूध असूनही उतरायला उशीर लागतो, बाळ चिडतं, मग घरचे म्हणतात बघा पुरत नाही, आणि पावडरच्या दुधाचा डबा उघडला जातो. वरचं पाजायला लागलं की बाळ अंगावर कमी ओढतं, आणि मग खरंच कमी पडतं. दूध पुरतंय का हे आईला विचारून कळत नाही, बाळाकडं बघून कळतं. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर दिवसाला निदान ६ वेळा लंगोट ओला व्हायला हवा, आणि पहिल्या दिवसांत उतरलेलं वजन साधारण दोन आठवड्यांत परत जन्माएवढं व्हायला हवं. ह्या बाळाचं जन्माचं २ किलो ९००, पाचव्या दिवशी २ किलो ७००, सोळाव्या दिवशी ३ किलो १००. मी आजींना हे आकडे कागदावर लिहून दिले, त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचले आणि म्हणाल्या, "म्हणजे पोरगं चांगलं वाढायलंय की." सुनेवरचा निम्मा राग तिथंच उतरला, खरं सांगते.

रोज संध्याकाळी रडू येतं असं सून म्हणाली, ते मात्र मी हलक्यात घेतलं नाही. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस डोळ्यात पाणी येणं नॉर्मल, पण दोन आठवडे उलटून पण चालू असेल तर डॉक्टरांना दाखवायचंच, आणि रात्रीबेरात्री कुणी नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फोन आहे, फुकट, कन्नडमध्ये पण बोलतात. ती जाऊन आली, आता बरी आहे.

आजींशी मग एवढंच ठरलं, आठवड्यातनं एकदा जायचं, आदल्या दिवशी फोन करून, आणि गेल्यावर पाळण्याकडं न जाता आधी सुनेजवळ बसायचं. आणि ते वाक्य बदलायचं. मी त्यांना दुसरं शिकवलं, "ऊटा आतेनु?" जेवलीस का. तीन-चारदा घोकून घेतलं. अळिवाचे लाडू तर सुनेसाठीच होते, पण तोवर ते 'दूध वाढायला' म्हणून पुढं केले जायचे, आता नुसते लाडू म्हणून द्या म्हटलं.

पुढच्या खेपेला आजी आल्या तेव्हा सांगितलं, सुनेनं दोन लाडू खाल्ले, तिसरा आईला दिला, आणि दुपारी बाळ आजींच्या मांडीवर ठेवून दोन तास झोपली. बाळ दुपट्यावर मुतलं म्हणे, इरकलचा काठ भिजला, हे सांगताना आजींचा चेहरा बघायला हवा होता. सहाण अजून त्यांच्याकडंच आहे, वर्ष झालं की बघू म्हणतात, मी काही बोलले नाही. काजळाचं मात्र बोलावं लागलं, काही काजळात शिसं सापडलेलं आहे म्हणून डोळ्यात नको. तीट कपाळाला, असं सौदा करून ठरलं.

बारसं बेळगावात झालं. दुसऱ्या दिवशी आजींचा फोन, मला वाटलं आभार मानायला केला असेल. "म्याडम, ते डायपर वो, सारखं डायपर बांधत्यात पोराला, ह्याचं कन्नडात कसं बोलायचं ते सांगा."