ब्रिटनमध्ये नव्याने गेलेल्याला तिथल्या खाऊत कशाचं नवल वाटतं?
मला वाटलं ते वेफर्सचं. तिथे त्यांना क्रिस्प्स म्हणतात. चिप्स मागितले तर बटाट्याचे गरम, जाड तळलेले तुकडे समोर येतात. मीठ-व्हिनेगरची चव आधी जिभेला झोंबते, मग पाकीट कधी संपतं कळत नाही. प्रॉन कॉकटेल चवीच्या क्रिस्प्सच्या बऱ्याच पाकिटांत कोळंबी नसतेच (तरी शाकाहाऱ्यांनी मागचं वाचावं).

जाफा केक मात्र अजब प्रकरण. आकार बिस्किटाचा, आत संत्र्याची जेली, वर चॉकलेट. चॉकलेट लावलेल्या बिस्किटावर व्हॅट, केकवर नाही. म्हणून वाद लवादापुढे गेला आणि १९९१ मध्ये तो केकच ठरला. त्यातला एक मुद्दा मला फार आवडतो: बिस्कीट शिळं झालं की मऊ पडतं, केक कडक होतो.

मार्माइट, म्हणजे पावाला लावायचा यीस्टचा खारट, काळपट लगदा? एकदा चाखलं, बस्स.