काट्यावर उभं राहा, पण चारचौघांत नको

«ताई, मी ४३ वर्षांची. सांगलीत बँकेत नोकरी करते. उंची ५ फूट २ इंच. डिसेंबरात रक्त तपासलं तर साखरेची एचबीएवनसी ही तपासणी ६.१ आली. डॉक्टर म्हणाले, मधुमेह झालेला नाही, पण उंबरठ्यावर आहात, ५ किलो तरी उतरवा. यांनी लगेच ऑनलाइन वजनकाटा मागवला. तेव्हा ७२.४ होतं. तीन महिने झाले, रोज संध्याकाळी चालते, भात निम्मा केलाय, गोड बंद आहे. काटा एक दिवस ७०.२ दाखवतो आणि दुसऱ्या दिवशी ७१.९! सकाळी, बँकेतून आल्यावर आणि झोपताना अशी तीनदा उभी राहते. आकडा वाढला की रात्री जेवत नाही, नाहीतर चिडून फरसाणाचा डबा घेऊन बसते. नाश्त्याला हे विचारतात, 'आज किती?' सासूबाई म्हणतात, एवढं चालून उपयोग काय. परवा माझी १३ वर्षांची लेक काट्यावरून उतरली आणि म्हणाली, 'मला आज पोळी नको.' काटा विकून टाकू का?
काट्याला कंटाळलेली»

विकू नकोस. पण तू पत्रात सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिलेलं वाक्य मी आधी घेते.

तेराव्या वर्षी मुलीचं वजन वाढायलाच हवं. उंची वाढत असते, हाडं भरत असतात, पाळी सुरू झालेली असते किंवा व्हायची असते. या वयात काटा पुढे सरकला नाही तर आईनं काळजी करायची. तुझ्या लेकीनं पोळी का सोडली हे शोधायला लांब जायला नको. आकडा वाढला की आई ताटावर बसत नाही, हे ती तीन महिने बघतेय. तेव्हा 'तू कुठे जाड आहेस गं' वगैरे समजूत घालत बसू नकोस, त्यानं 'जाड' हा शब्द तेवढा डोक्यात राहतो. काटा आजच तुझ्या कपाटात जाऊ दे, आणि रात्री तिच्या शेजारी बसून तूही नीट जेव. एवढं करूनही ती ताट टाळत राहिली, डबा तसाच परत आणू लागली, चोरून वजन करू लागली किंवा पाळी चुकली, तर बालरोगतज्ज्ञांकडे ने. 'वयच आहे तसं' म्हणून सोडून देऊ नकोस.

आता तुझं १.७ किलोचं प्रकरण. शरीरातली १ किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं ७,७०० कॅलरी. बँकेतल्या बाईला मी काय हिशेब शिकवणार, पण १.७ किलोचे १३ हजारांच्या वर होतात. वर तूप घातलेली पुरणपोळी ३०० कॅलरींची धरली, तर रोजचं जेवण जेवून वर चाळीसहून अधिक पोळ्या एका दिवसात खाल्ल्यास म्हणायच्या! खाल्ल्या होत्यास का? मग ती चरबी नव्हे. बहुतेक सगळं पाणी. लिटरभर पाणी प्यालं की काट्यावर किलोभर वाढतंच. आदल्या रात्री लोणचं, पापड, फरसाण झालं असेल तर मिठामुळे शरीर पाणी धरून ठेवतं. पाळीच्या आधीचे काही दिवस तर विचारूच नकोस. पोट साफ झालं नसेल तर त्याचंही वजन आलं. भात-पोळीतली साखर शरीर स्नायूंत आणि यकृतात साठवतं, आणि साठवलेल्या दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी सोबत राहतं. तू भात निम्मा केलास तेव्हा पहिल्या आठवड्यात काटा भराभर उतरला असेल, तेही बरंचसं हेच पाणी. एखाद्या लग्नात मनसोक्त जेवलीस की ते परत येतं, आणि आपण समजतो सगळं मुसळ केरात.

म्हणून झोपतानाचा आकडा सकाळच्या आकड्याशी लावून बघण्यात काही अर्थ नाही. दिवसभराचं खाणंपिणं अंगावर असतं, तो जास्त येणारच.

काट्याला सरसकट नावंही ठेवू नयेत. अमेरिकेत १९९४ पासून वजन उतरवून ते टिकवणाऱ्या हजारो माणसांची नोंद ठेवली जाते; त्यातले सुमारे तीन चतुर्थांश लोक आठवड्यातून निदान एकदा वजन करतात. नजर ठेवणाऱ्याला फायदा होतो. पण नजर ठेवणं वेगळं आणि दिवसातून तीनदा निकाल लावून घेणं वेगळं. ज्यांना आकडा पाहून काही होत नाही, त्यांनी रोज करावं आणि सात दिवसांची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहावी. तू आकड्यावर जेवण सोडतेस, तेव्हा तुझ्यासाठी आठवड्यातून एक वार. बुधवार घे, कारण रविवारचं बाहेरचं खाणं तोवर निवळलेलं असतं. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोजच्या गाऊनवर. काटा सपाट, कोरड्या फरशीवर आणि दर वेळी त्याच जागी ठेव. पायपुसण्यावर किंवा सतरंजीवर ठेवला की तो खोटं बोलतो, आणि बाथरूमच्या ओलाव्यात त्याची यंत्रणा बिघडते. आकडा वहीत लिहायचा, वही मिटायची. तुमचा काटा चरबीची टक्केवारीही दाखवत असेल तर तिकडे बघू नकोस. तळपायातून बारीक वीजप्रवाह सोडून तो नुसता अंदाज बांधतो, आणि अंगातलं पाणी कमीजास्त झालं की तो अंदाजही हलतो.

एक कडू गोष्ट सांगते. ७०.२ आणि ७१.९ यांच्या मधोमध तुझं खरं वजन धरलं तरी तीन महिन्यांत सव्वा-दीड किलोच उतरलंय. कमी आहे. भात निम्मा झाला, पण पोळ्या किती झाल्या हे तू लिहिलेलं नाहीस. आणि उपाशी राहून मग फरसाणाचा डबा, ही गळती तर तूच दाखवलीस. रात्रीचं जेवण न चुकता घेतलंस, त्यात वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ ठेवलीस, तर डब्याकडे हात जाणार नाही असं मला वाटतं.

पण सासूबाईंच्या 'उपयोग काय'ला माझ्याकडे उत्तर आहे. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर एक अभ्यास केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी आहार सुधारला आणि नेमानं चालू लागले, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं. आणि त्यांचं वजन? जवळपास होतं तिथेच. म्हणजे त्यातल्या कुणी रोज काटा बघितला असता, तर 'आपलं काही होत नाही' म्हणून चालणं सोडून दिलं असतं! ५ किलो उतरवायचेच आहेत, डॉक्टरांचं बरोबर आहे. पण संध्याकाळचं चालणं त्या आकड्याच्या तालावर ठेवू नकोस.

काट्याच्या जोडीला शिवणाच्या डब्यातली टेप काढ. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, उभं राहून, नेहमीसारखा श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता मोज. साडीची गाठ बांधतो ती जागा नव्हे. महिन्यातून एकदा पुरे. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० ही मर्यादा धरतात, आणि साखरेच्या बाबतीत पोटावरची चरबीच जास्त त्रास देते.

पुरुषांचा आकडा मुद्दाम दिलाय. अख्ख्या पत्रात 'यांच्या' पोटाचा उल्लेखच नाही! दिसायला बारीक असले तरी भरवसा नको. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि आपल्या इंग्रज सहकाऱ्याचा, डॉ. जॉन युडकिन यांचा, फोटो छापला होता. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. बाहेरून बारीक, आतून चरबी, ही आपली भारतीय ठेवण. तेव्हा उद्या नाश्त्याला 'आज किती?' आलं की टेप त्यांच्या हातात दे आणि म्हण, आधी तुमचं सांगा. चिडून नको, हसत म्हण. हसण्यावारी नेलं तर मग लेक समोर नसताना सरळ सांग: माझा आकडा मी आपणहून सांगितल्याशिवाय या घरात कुणी विचारायचा नाही, आणि पोरीसमोर तर मुळीच नाही. त्यांनी काटा आणला तो काळजीपोटीच, हे मला दिसतंय. त्या काळजीला दुसरं काम दे. संध्याकाळी तुझ्याबरोबर चालायला येऊ देत.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्यांना रिपोर्ट दाखव. एचबीएवनसीत मागच्या साधारण तीन महिन्यांची साखर कळते, आणि डिसेंबरला तीन महिने झालेच आहेत. याच आठवड्यात जाऊन रक्त दे. त्यासाठी उपाशीपोटी जावं लागत नाही, बँकेत जाता जाता होईल. ६.१ चं काय झालं ते मला कळव. वजन कळवलं नाहीस तरी चालेल.

तुझी,
ताई