जामा, आकुमा, माहोउ : तिन्हीतला ‘मा’ म्हणजे आपला मार

तुमचे दोन प्रश्न आहेत. जपानीत दुसऱ्याच्या घरात शिरताना म्हणतात त्या ‘ओजामा शिमास’मधला ‘मा’, आकुमा म्हणजे सैतान यातला ‘मा’ आणि माहोउ म्हणजे जादू यातला ‘मा’ ही एकच कांजी, म्हणजे जपानीत वापरतात ते चिनी अक्षर, आहे का, हा पहिला. आणि कांजी लक्षात ठेवायला ॲपमध्ये दिलंय तसं ‘भांग पिऊन भूत दिसलं’ म्हणून ती भांग अधिक भूत अशी बनलीये का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर हो, एकच कांजी. दुसऱ्याचं नाही. लक्षात ठेवायला ती गोष्ट वापरा हवं तर, पण तीच व्युत्पत्ती समजून पुढे चालू नका, कारण खरी गोष्ट त्याहून कितीतरी भारी आहे आणि ती आपल्याकडून सुरू होते.

आधी कांजीकडे (魔) नीट बघा. वर डावीकडून खाली उतरणारं छप्पर, त्याच्या खाली शेजारीशेजारी दोन झाडांसारखी चिन्हं, हे मिळून ‘आसा’ म्हणजे भांगेच्या जातीचं ते झाड ज्याच्या सालीच्या धाग्यापासून कापड विणायचे. या अक्षराचं चिनी वळणाचं वाचन ‘मा’. आणि त्याच्या खाली ‘ओनी’, म्हणजे जपानी गोष्टींतला शिंगवाला राक्षस, मूळ चिनी अर्थ मेलेल्या माणसाचा आत्मा, भूत. एकूण २१ रेघा. बहुतेक कांजी अशाच बनल्यात, एक भाग अर्थ सांगतो आणि दुसरा फक्त उच्चार सांगतो. इथे अर्थ भुताचा आणि उच्चार भांगेचा, बास. त्या झाडाचा नशेशी, जादूशी, कशाशीही इथे संबंध नाही, ते बिचारं फक्त ‘मा असं वाचा’ एवढंच सांगायला वर बसलंय. पटत नसेल तर त्याच छपराखाली भुताच्या जागी हात ठेवा, चोळणं या अर्थाची कांजी होते आणि वाचन ‘मा’. दगड ठेवा, घासणं-पॉलिश करणं या अर्थाची होते, वाचन परत ‘मा’.

तो दगडवाला ‘मा’ लक्षात ठेवा, कारण सगळी गंमत तिथे आहे.

बौद्ध ग्रंथ चिनीत नेताना भाषांतरकारांना एक शब्द अडला, मार. बुद्ध बोधिवृक्षाखाली बसलेले असताना त्यांना उठवायला सैन्य आणि आपल्या मुली घेऊन आलेला तो मार. संस्कृतमधला ‘मृ’ धातू, त्यावरून मार म्हणजे मारणारा, म्हणजे मृत्यू, मरण, मारणं हे आपले रोजचे शब्द ज्या घरातले त्याच घरातला हा. चिनीत याला नेमका शब्द नव्हता म्हणून त्यांनी उच्चारच घेतला, दोन अक्षरांत ‘मा-रा’ असं लिहिलं आणि पुढे आळसाने म्हणा की सोयीने म्हणा नुसता ‘मा’ ठेवला. आणि सुरुवातीला हा ‘मा’ लिहायचे दगडवाला! तांग काळातला झानरान नावाचा भिक्षू लिहून गेलाय की जुन्या भाषांतरांत हे अक्षर दगडाचं होतं, पण ल्यांग घराण्याचा सम्राट वू (राज्यकाळ इ.स. ५०२ ते ५४९, मोठा बुद्धभक्त) याच्या वेळेपासून असं म्हणायला लागले की मार माणसांना छळतो, तेव्हा त्याच्या अक्षरात भूतच हवं. दगड काढला, भूत बसवलं. सम्राटाने स्वतः केलं का नाही हे परंपरेवर सोडू, पण ही कांजी ग्रंथांमधल्या एका भारतीय शब्दासाठी घडवलेली आहे हे नक्की. म्हणून हाडांवर कोरलेल्या प्राचीन लिपीत तिचं चित्र शोधत बसू नका, बरेच जण शोधतात.

आणि दुसरीकडे बघा, जपानमधली ती लाल गोल दारुमा बाहुली, म्हणजे बोधिधर्म, त्याचं नाव आजही दगडवाल्या ‘मा’नेच लिहितात. धर्माकडे दगड राहिला आणि माराकडे भूत गेलं! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वही बाजूला ठेवून कितीतरी वेळ नुसता त्या दोन अक्षरांकडे बघत होतो.

आता जामा. पहिलं अक्षर ‘जा’ म्हणजे वाकडं, दुष्ट, आणि पुढे मार. म्हणजे साधनेत आडवा येणारा दुष्ट मार. तिथून घसरत घसरत कुठलाही अडथळा, अडगळ, मधेमधे येणं. मी नागोयाला ओळखीच्यांकडे पहिल्यांदा जेवायला गेलो होतो, दारातच बूट काढले, मागे वळून ते दाराकडे तोंड करून लावले, आणि शिकवल्याप्रमाणे ‘ओजामा शिमास’ म्हणून आत पाऊल टाकलं. अर्थ काय तर तुमच्या घरात अडचण करतोय, माफी असावी. निघताना ‘ओजामा शिमाश्ता’. त्या क्षणी मला माहीत नव्हतं की मी त्यांच्या उंबऱ्यात उभा राहून अजिंठ्यातल्या माणसाचं नाव घेतोय. अजिंठ्याच्या २६ नंबरच्या लेण्यात डाव्या भिंतीवर महापरिनिर्वाणाची ती भव्य निजलेली मूर्ती सगळे बघतात आणि फोटो काढून परत फिरतात, तसं करू नका, त्याच भिंतीने अजून थोडं आत जा. तिथे मारविजयाचा पट कोरलाय, मध्ये शांत बसलेले बुद्ध, एका बाजूने हत्तीवरून चाल करून येणारा मार, खाली नाचणाऱ्या त्याच्या मुली. जपानीत या प्रसंगाला ‘गोउमा’ म्हणतात, गोउ म्हणजे नमवणं आणि मा म्हणजे हीच तुमची कांजी.

माहोउमधला ‘होउ’ म्हणजे नियम, पद्धत, आणि बौद्ध ग्रंथांत ‘धर्म’ या शब्दासाठी हेच अक्षर वापरतात, म्हणजे माहोउ अक्षरशः माराचा धर्म, माराची विद्या. आज मात्र लहान मुलांच्या ॲनिमेत सगळीकडे माहोउ असते आणि थर्मासला ‘माहोउबिन’ म्हणतात, जादूची बाटली.

रोजच्या बोलण्यातला माझा सगळ्यात आवडता वापर म्हणजे ‘मा गा सास’. चांगला सरळ माणूस एकदम काहीतरी भलतंच करून बसतो तेव्हा म्हणतात, आपण म्हणतो ना दुर्बुद्धी सुचली, तसं. आणि ‘सुइमा’ म्हणजे झोपेचा मार, दुपारच्या मीटिंगमध्ये येतो तो. पण हा शब्द पोकळ नाहीये हं, पालीतल्या पधानसुत्तात माराच्या सेना मोजल्यात, त्यात पाचवी सेना थीनमिद्ध, म्हणजे सुस्ती आणि झोपच आहे. एक सावधगिरी, सुटा ‘मारा’ हा शब्द जपानीत कोणासमोर म्हणू नका. भिक्षूंच्या बोलीत साधनेत आडवं येणारं म्हणून पुरुषाच्या लिंगाला ते नाव पडलं आणि ते टिकलं.

इतिहासात पण हा ‘मा’ डोकावतो. ओदा नोबुनागा या जपानी सरदाराने १५७१ मध्ये हिएइ डोंगरावरचा तेंदाई या बौद्ध पंथाचा मुख्य मठ जाळला. पुढे त्याचा प्रतिस्पर्धी सरदार ताकेदा शिनगेन याने त्याला पत्रात स्वतःची सही तेंदाई पंथाचा प्रमुख अशी केली, तर नोबुनागाने उत्तरात सही केली ‘दाइरोकु तेनमाओउ’, सहाव्या स्वर्गाचा मारराजा. बौद्ध मांडणीत कामलोकाच्या सहाव्या स्वर्गाचा, परनिर्मितवशवर्तीचा, धनी मारच. हे आपल्याला कळतं लुईश फ्रोइश या पोर्तुगीज जेझुइटाच्या १५७३ च्या पत्रातून, आणि हा फ्रोइश जपानला जायच्या आधी कितीतरी वर्षं गोव्यात होता, १५४८ मध्ये तिथे आला आणि पाद्री पण तिथेच झाला.

आता एक सांभाळायचं. प्रत्येक ठिकाणी हा ‘मा’ म्हणजे मार नाही. ‘एनमा’, खोटं बोलणाऱ्याची जीभ उपटणारा नरकाचा राजा, हा आपला यम, इथे ‘मा’ फक्त यममधल्या ‘म’च्या आवाजासाठी आलाय. आणि ‘दानमात्सुमा’, मरतानाची शेवटची तडफड, यात दान म्हणजे तोडणं आणि ‘मात्सुमा’ म्हणजे संस्कृत मर्मन्. आपण मर्मावर बोट ठेवणं म्हणतो ना, तेच मर्म, शरीरातली ती जागा जिथे घाव बसला की माणूस वाचत नाही. डिक्शनरीत भूतवाला ‘मा’ दिसला म्हणून तिथे सैतान शोधाल तर फसाल.

आता थोडं लिहिण्याबद्दल. हाताने लिहिताना जपानी लोक घाईत या २१ रेघा लिहीत नाहीत, नुसतं छप्पर काढतात आणि खाली काताकाना या जपानी उच्चारलिपीतला ‘मा’ ठेवतात, पाच रेघांत काम. पहिल्यांदा बघाल तर वाटेल चूक आहे, चूक नाही. फक्त परीक्षेत तसं लिहू नका, तिथे मार्क जातात. आणि पूर्ण लिहिताना खालच्या भुताच्या पोटातलं ते छोटं ‘मु’सारखं चिन्ह विसरू नका, माझ्याकडून सुरुवातीला दर वेळेस तेच राहायचं.