फायली वाड्याप्रमाणे आणि बाई रजेवर

प्रश्न: डिचोलीत माझा जनरल प्रॅक्टिसचा दवाखाना आहे. स्टाफ तिघांचाच, रिसेप्शनच्या बाई, नर्स आणि वरकामाचा मुलगा. यंदा चवथीला बाई आठवडाभर रजेवर गेल्या आणि नर्सला एक फाइल सापडेना, कारण आमच्याकडे निम्मे पेशंट नाईक नाहीतर गावकर, म्हणून बाईंनी फायली आडनावाऐवजी वाड्याप्रमाणे (म्हणजे पेशंट गावातल्या कुठल्या वस्तीतला, त्याप्रमाणे) लावल्यात आणि ते फक्त त्यांनाच ठाऊक! आता सगळ्यांना सगळं शिकवावं म्हणतो, तर नर्स म्हणते "डॉक्टर, फोन उचलणं माझं काम नाही." काय करू?

उत्तर: डॉक्टर, सगळ्यांना सगळं नको हो. बाईंची पद्धत हुशारीची आहे, ती मोडू नका, फक्त कागदावर आणा. पण लिहायला बाईंना नाही, नर्सला बसवा. बाई सांगतील, ही लिहील, आणि जिथे अडेल तिथेच खरी गोम असते. मग आठवड्यातून एक दुपार नर्स काउंटरवर, बाई शेजारी हाताची घडी घालून (हे त्यांना फार जड जाणार, बघा).

नर्सचं म्हणणं उडवून लावू नका. बाई नसतील तेव्हाच फोन घ्यायचा आणि त्या दिवसाचे पैसे वेगळे, हे आधीच बोलून घ्या.

उलट बाईंनी काय शिकावं, तर लसींच्या फ्रिजचं तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत लिहिणं, 2 ते 8 डिग्री, आणि लाइट गेली की दार न उघडता आधी नर्सला कळवणं. इंजेक्शन, ड्रेसिंग मात्र अजिबात नाही. फोनवर कुणी छातीत दुखतंय म्हटलं तर काउंटरवर कोणीही असो, सल्ला द्यायचा नाही, फोन तुम्हाला द्यायचा नाहीतर 108 लावायचा.

मुलाला कचऱ्याचं शिकवाल, सुई पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, सलाइनची नळी लाल पिशवीत, ते ठीक. पण त्याला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस दिलीय का? दवाखान्याच्या कचऱ्याबद्दलच्या 2016 च्या नियमांत ते तुमच्यावरच आहे, आणि छोट्या दवाखान्यांत नेमकं हेच राहून जातं.

शेवटी तालीम. एखाद्या शनिवारी बाईंना मुद्दाम सुट्टी द्या आणि दिवसभर त्यांना कोणी फोन करायचा नाही. तुम्हीसुद्धा नाही.